रुग्ण आयसीयूत असताना नातेवाइकांनी काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

आयसीयूत परिचारिका म्हणून काम करताना एक चित्र मला पाठ झालं आहे. आत एक रुग्ण, बाहेर दहा-अकरा नातेवाईक. सकाळच्या राउंडला थोरला मुलगा डॉक्टरांना भेटतो, दुपारी जावई, संध्याकाळी गावाहून आलेले चुलते. डॉक्टर तिघांनाही तेच सांगतात, पण रात्री जिन्यात बसून बोलताना तिघांच्या तोंडी तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहाटे तीनला डायलिसिससाठी सही हवी असते, तेव्हा निर्णय घेणारा माणूस घरी झोपायला गेलेला असतो आणि त्याचा फोन बंद असतो.

यात प्रेम कमी पडत नाही, क्रम चुकतो. तो क्रम इथे लिहिते आहे. घरात कोणी आजारी नसताना वाचलात तर उत्तमच. आत्ता आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून वाचत असाल तर थेट टप्पा ३ वर जा.

## टप्पा १ : घरून निघताना

घाईत माणसं कपडे, चादर, थर्मास घेतात. आयसीयूत त्यातलं काहीच आत जात नाही. लागतात ते कागद आणि गोळ्या.

गोळ्यांची यादी करत बसू नका. घरात रुग्णाच्या जितक्या पट्ट्या आणि बाटल्या सापडतील तितक्या एका पिशवीत भरा. अर्धवट संपलेली पट्टी, होमिओपॅथीच्या गोळ्या, वैद्यांनी दिलेल्या पुड्या, सगळं घ्या. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. रक्त पातळ करणारं औषध, इन्शुलिन, फिट्सची गोळी, स्टिरॉइड आणि थायरॉइडची गोळी ही नावं तर पहिल्या दहा मिनिटांत कळायला हवीत. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो हे माहीत नसताना मोठ्या शिरेत सुई घातली तर रक्तस्राव थांबवणं अवघड होतं.

जुनी फाईल घ्या. जुना ईसीजी घरात कुठे असेल तर तो शोधायला दोन मिनिटं द्या. नव्या ईसीजीतला बदल आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचाच, हे त्या कागदावरून कळतं.

मग वेळ लिहा. त्रास कधी सुरू झाला? तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ हवी. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘सकाळी उठल्यावर दिसलं’ म्हणजे सकाळी झालं असं नव्हे. रात्री झोपताना ते नीट बोलत होते का, हे सांगा.

आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड आणि असेल तर उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. कवळी, अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. अंगावर सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते.

सावधान : बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर, कांद्याचा रस, तीर्थ, काहीही घालू नका. ते फुप्फुसात जातं आणि मूळ आजारावर न्यूमोनिया चढतो.

साप चावला असेल तर आधी मांत्रिकाकडे, मग दवाखान्यात असा फेरा नको. पाय दोरीने करकचून बांधू नका. साप मारून आणायचीही गरज नाही. कीटकनाशक पोटात गेलं असेल तर मात्र डबा किंवा बाटली जरूर आणा. उपचार त्यातल्या घटकावर ठरतात.

१०८ ला फोन करताना रुग्णाला श्वास घ्यायला त्रास आहे का, तो शुद्धीवर आहे का, हे सुरुवातीलाच सांगा. सगळ्या रुग्णवाहिकांत व्हेंटिलेटर नसतो. कोणती पाठवायची ते तुमच्या पहिल्या दोन वाक्यांवर ठरतं.

## टप्पा २ : दाखल केल्यानंतरचा पहिला तास

या तासात दोन कामं समांतर चालतात, म्हणून दोन माणसं लागतात. आजाराची हकिकत ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक आहे त्याने रुग्णाजवळ थांबावं. बहुतेक घरांत ती बायको किंवा सून असते, आणि नेमकं तिलाच बाहेर बसवून जे पुरुष महिन्यातून एकदा घरी येतात ते डॉक्टरांशी बोलतात. कृपा करून असं करू नका. कागद आणि पैशांचं दुसऱ्याने बघावं.

हकिकत सांगताना लपवू नका. सगळ्यात जास्त लपवली जाते ती दारू. रोज पिणाऱ्या माणसाची दारू दाखल झाल्यावर एकदम बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. आधी सांगितलं असेल तर आम्ही त्याचं औषध वेळेवर सुरू करतो. नाही सांगितलं तर मेंदूत काय बिघडलं हे शोधण्यात एक दिवस जातो. गरोदरपण, एचआयव्ही, क्षयरोगाचं अर्धवट सोडलेलं औषध, घरात झालेलं भांडण आणि रिकामी सापडलेली गोळ्यांची पट्टी, हे सगळं डॉक्टरांना सांगा. पाहुण्यांसमोर नको वाटत असेल तर बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

योजना किंवा विमा असेल तर तो पहिल्याच तासात सांगा. लोक आधी रोखीने दाखल होतात, चौथ्या दिवशी पैसे संपतात आणि मग विचारतात, ‘इथे योजना चालते का?’ तोपर्यंतचं बिल योजनेत घालणं फार कठीण जातं.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीचा, टेबल असतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी तिथे जा. रुग्णालय योजनेत आहे का आणि हा आजार त्यात बसतो का, हे दोन्ही प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं. हेल्पलाइन १५५३८८.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ठरलेल्या योजनेत तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, त्यावर ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंतचे आवश्यक उपचार द्यायचे असतात. यासाठी वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. हे काम बिलिंगच्या काउंटरवर होत नाही, आणि तिथे ‘जागा नाही’ ऐकून लोक परत फिरतात.

खाजगी विमा असेल तर कॅशलेसचा (विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरण्याचा) अर्ज लगेच टीपीए डेस्ककडे, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याच्या टेबलाकडे, द्या. मे २०२४ च्या नियमानुसार विमा कंपनीने कॅशलेसच्या अर्जावर १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. खोलीभाडं पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा जास्त झालं की बाकीच्या बिलातल्या काही रकमांतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. आयसीयूच्या शुल्कावर मात्र अशी कपात करता येत नाही.

तपासा : दाखल कागदावर रुग्णाचं नाव आधारवर आहे तसंच आहे का? ‘सुरेश’ आणि ‘सुरेशराव’ एवढ्या फरकावरून मंजुरी अडते. वय आणि पत्ताही बघा. आत्ता दुरुस्तीला दोन मिनिटं लागतील, नंतर प्रतिज्ञापत्र लागेल.

## टप्पा ३ : एक माणूस, एक वही

या लेखातला एकच टप्पा पाळायचा असेल तर हा पाळा.

घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल हे पहिल्याच दिवशी ठरवा. तो सगळ्यात मोठा, सगळ्यात शिकलेला किंवा पैसे भरणारा असलाच पाहिजे असं नाही. जो शांत राहतो, ऐकलेलं जसंच्या तसं सांगतो आणि ज्याचा फोन रात्री चालू असतो, तो हवा. त्याला पर्याय म्हणून दुसरा एक ठेवा. दोघांची नावं आणि नंबर सिस्टरांकडे फाईलवर लिहून द्या. बाकीच्यांना त्याच्याकडून कळेल. परदेशातल्या भावाने डॉक्टरांना वेगळा फोन करू नये. फार तर राउंडनंतरच्या भेटीच्या वेळी याच फोनवर त्यालाही ऐकू द्या.

मग पानांची साधी वही घ्या. मोबाइलवरच्या नोंदी चालत नाहीत, कारण फोन माणसाबरोबर घरी जातो आणि वही बाकड्यावर राहते. रोज एक पान. वर तारीख, आयसीयूतला कितवा दिवस आणि आज बोललेल्या डॉक्टरांचं नाव. आयसीयूत रजिस्ट्रार, म्हणजे तिथे ड्यूटीवर असलेले डॉक्टर, पाळीने बदलतात. मुख्य डॉक्टर कोण आणि नातेवाइकांना ते किती वाजता भेटतात, हे पहिल्या दिवशीच विचारून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा.

रोज हेच प्रश्न, याच क्रमाने विचारा :

१. मूळ आजार कोणता? तो कालपेक्षा कमी आहे, तेवढाच आहे की वाढला?
२. श्वास : ऑक्सिजन किती टक्के लागतो आहे?
३. बीपी : बीपी टिकवायला औषध चालू आहे का? डोस कालपेक्षा वाढला की घटला?
४. किडनी : २४ तासांत लघवी किती झाली? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती?
५. मेंदू : हाक मारल्यावर डोळे उघडतात का? गुंगीचं औषध चालू आहे की बंद?
६. संसर्ग : ताप आहे का? कल्चरचा (जंतू कोणता ते सांगणारा) रिपोर्ट कधी येणार?
७. पुढच्या २४ तासांत तुम्ही कशाची वाट बघताय आणि तुम्हाला कशाची भीती वाटते?

सातवा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. ‘वाचतील ना डॉक्टर?’ याला कुणी प्रामाणिक डॉक्टर हो-नाही म्हणू शकत नाही, म्हणून तुम्हाला ‘प्रयत्न चालू आहेत’ असं मोघम उत्तर मिळतं. ‘कशाची भीती वाटते?’ म्हटलं की डॉक्टर नेमकं सांगतात : लघवी थांबली तर डायलिसिस लागेल, किंवा आज रात्री ताप चढला नाही तर उद्या व्हेंटिलेटरची नळी काढून बघू.

उत्तरं वाचायची कशी ते सांगते. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. व्हेंटिलेटरवर सोमवारी १०० टक्के, मंगळवारी ७० आणि बुधवारी ४५ असं वहीत दिसलं तर फुप्फुस सावरतं आहे. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा मात्र तिन्ही दिवस ९५ हाच आकडा असेल. म्हणून काचेतून दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा टिकवायला आधार किती द्यावा लागतो ते विचारा. बीपीचंही तसंच. औषधाशिवाय ११० आणि दोन औषधांच्या जोरावर ११० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लघवीचा ढोबळ हिशेब असा : ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली. आम्ही सिस्टर दर तासाला ती मोजून लिहितो, विचारलंत तर सांगतो.

एका दिवसाच्या आकड्यावर उड्या मारू नका, खचूही नका. तीन पानं शेजारी ठेवून दिशा बघा.

नेहमीची चूक : नातेवाइकांच्या ओळखीचा कोणी डॉक्टर फोनवर चार रिपोर्ट बघून ‘हे औषध का दिलं नाही?’ म्हणतो, आणि घरचे भांडायला येतात. दुसरं मत हा तुमचा हक्क आहे, जरूर घ्या. पण आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, रिपोर्टच्या प्रती मागा आणि शक्य असेल तर दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. अर्ज केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदींच्या प्रती मिळायला हव्यात, असा नियम आहे.

## टप्पा ४ : सही करण्याआधी

आयसीयूत सह्या बऱ्याच लागतात. श्वास थांबत असेल, हृदय बंद पडत असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत आणि थांबूही नये. इतर वेळी पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांत चार गोष्टी विचारा : हे कशासाठी, न केल्यास काय होईल, धोका कोणता आणि दुसरा मार्ग आहे का. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगायला सांगा. हे मागताना संकोच नको.

चार नावं ऐकली की घरचे घाबरतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं.

व्हेंटिलेटर. ‘पैसे काढायला मेलेल्या माणसाला लावतात’ हा समज मी रोज ऐकते. मेलेल्या माणसाच्या छातीत हवा भरली तरी त्याचं हृदय चालत नाही, काही वेळात शरीर थंड पडतं. हात ऊबदार असेल, लघवी होत असेल, मॉनिटरवर ठोके असतील तर माणूस जिवंत आहे. शंका असेल तर भेटीच्या वेळी हात धरून बघा. (मेंदूमृत रुग्णाचं वेगळं असतं, ते टप्पा ७ मध्ये.) नळी घशातून जाते म्हणून रुग्ण बोलू शकत नाही आणि नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध देतात. ‘काल बोलत होते, तुम्ही नळी घातली आणि बेशुद्ध केलं’ या तक्रारीमागचं कारण हे आहे.

डायलिसिस. ‘एकदा लावलं की कायमचं’ हे दीर्घकाळ हळूहळू खराब झालेल्या किडनीबद्दल खरं असतं. जंतुसंसर्गाने किंवा बीपी पडल्यामुळे अचानक बंद पडलेली किडनी अनेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा चालू होते. डायलिसिसला उशीर करून तुम्ही किडनी वाचवत नसता.

गळ्यातली नळी, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी. आठवडा-दोन आठवडे होऊनही व्हेंटिलेटर सुटत नसेल तर डॉक्टर हे सुचवतात. ‘गळ्याला भोक पाडलं म्हणजे संपलं’ असं समजून लोक रडतात. खरं तर यामुळे तोंड मोकळं होतं, गुंगीचं औषध कमी करता येतं, कफ काढणं सोपं होतं. माणूस सुधारला की नळी काढतात आणि बहुतेकदा भोक आपोआप बुजतं.

सेंट्रल लाइन. मान, खांदा किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी. बीपीची जोरकस औषधं हाताच्या बारीक शिरेतून दिली तर शिरेला इजा होते, म्हणून ही लागते.

तपासा : सही केल्यावर वहीत वेळ, कशासाठी आणि कोणत्या डॉक्टरांनी समजावलं ते लिहिलंत का?

## टप्पा ५ : भेटीची दहा मिनिटं

आत जाताना कोपरापर्यंत हात धुवा, किंवा दारातल्या बाटलीतलं औषध दोन्ही हातांवर, बोटांच्या मध्ये आणि नखांना चोळा. बाहेर येतानाही तेच. आयसीयूतले जंतू बाहेरच्यांपेक्षा चिवट असतात. सर्दी-खोकला असलेल्याने आत येऊ नये, मग ती सख्खी मुलगी का असेना. फुलं, फळं नकोत.

अंगारा आणि प्रसादाबद्दल. तुमची श्रद्धा मला कळते. माझ्या घरचं माणूस आत होतं तेव्हा मीही पुडी घेऊन उभी होते. अंगारा लावायचा तर सिस्टरांना विचारून कपाळाला चिमूटभर लावा. नळ्यांजवळ, डोळ्यांत, जखमेवर नको. तोंडात तीर्थाचा थेंबही नको, कारण गुंगीतल्या माणसाची गिळण्याची ताकद गेलेली असते. पुडी उशाला ठेवायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून द्या.

बोला. रुग्णाने डोळे उघडले नाहीत तरी बोला. हाताला हात लावून आधी स्वतःचं नाव सांगा, मग आज कोणता वार, किती वाजले, तुम्ही कुठे आहात. ‘आई, मी सुनीता. आज गुरुवार, सकाळचे अकरा वाजलेत. तू दवाखान्यात आहेस, बरी होते आहेस.’ आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, सतत दिवे आणि आवाज असतात, आणि त्यातून अनेक रुग्णांचा गोंधळ होतो. ते घरच्यांना ओळखत नाहीत, शिव्या देतात, नळ्या ओढतात, ‘हे लोक मला मारायला टपलेत’ म्हणतात. याला डेलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे, बहुतेकांचं ते उतरतं. रुग्णाचा चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या. शुद्धीवर असेल तर घड्याळ आणि घरचा एक फोटो समोर राहील असं बघा. ओळखीचा आवाज यावर औषधाइतकं काम करतो.

हात बांधलेले दिसले तर संतापू नका, कारण विचारा. घशातली नळी अर्धवट शुद्धीत ओढली गेली तर जीव जाऊ शकतो. पण ते रोज तपासलं जातं का आणि बांधलेल्या जागी वळ उठलेत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पलंगाजवळ उभं राहून बिलाबद्दल, जमिनीबद्दल किंवा ‘आता काही खरं नाही’ असं बोलू नका. शुद्धीवर आल्यावर असं ऐकलेलं सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

भेटीत नजर टाका : डोक्याकडची बाजू साधारण ३० ते ४५ अंश वर आहे का (डॉक्टरांनी सपाट ठेवायला सांगितलं नसेल तर)? टाचा गादीवर दाबल्या जातायत का? दर दोन तासांनी कूस बदलतात का? तोंड स्वच्छ आहे का? काही राहिलं असेल तर त्या पाळीच्या सिस्टरांना शांतपणे सांगा. मॉनिटरचा भोंगा वाजला म्हणून ओरडत बाहेर पळू नका. बोटाची क्लिप सरकली तरी तो वाजतो. उपकरणांची बटणं मात्र कधीच दाबू नका.

## टप्पा ६ : पैशांचा हिशेब

याला रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोजच द्यायला हवीत. दररोज सकाळी आदल्या दिवसापर्यंतचं बिल मागा आणि रक्कम वहीत लिहा. डॉक्टरांना विचारा, ‘असंच चाललं तर अजून किती दिवस?’ आणि त्याला रोजच्या खर्चाने गुणा. दागिना मोडण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी हा आकडा समोर हवा. मेडिकलमधून आणलेली औषधं वापरली नसतील तर सीलबंद परत होतात का, हे पहिल्याच खरेदीला विचारा आणि पावत्या एका पिशवीत ठेवा.

खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेने लोक गप्प राहतात आणि एक दिवस अचानक रुग्णाला उचलून नेतात. चार दिवस आधी कळलं तर सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात खाट शोधता येते, समाजसेवकांमार्फत मदतीचे अर्ज करता येतात.

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णालयाने दरपत्रक लावायला हवं, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

### रुग्णाला दुसरीकडे हलवायचं असेल तर

क्रम असा : आधी नव्या रुग्णालयात आयसीयूची खाट आणि व्हेंटिलेटर नक्की करा, तिथल्या डॉक्टरांचं नाव घ्या. मग इथल्या डॉक्टरांना विचारा, वाटेत काय होऊ शकतं. मग दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या. नंतर सारांश, रिपोर्ट, सीटी-एमआरआयच्या फिल्म घ्या. सगळ्यात शेवटी व्हेंटिलेटर आणि डॉक्टर असलेली कार्डियाक रुग्णवाहिका बोलवा. लोक उलट करतात. आधी रुग्णवाहिका, मग खाटेचा शोध, आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस दोन रुग्णालयांच्या दारांतून फिरतो. बीपीचं औषध वाढतं असताना हलवणं फार धोक्याचं.

सल्ल्याविरुद्ध नेणार असाल तर ‘डामा’च्या कागदावर सही घेतात. सही केलीत तरी सारांश आणि रिपोर्ट मागून घ्या.

## टप्पा ७ : सुधारणा होत नाही तेव्हा

हा टप्पा लिहिणं जड जातं, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पाच-सात दिवस झाले, वहीतली पानं खाली-खालीच जात असतील तर भेटीच्या वेळेत उभ्याने बोलू नका. डॉक्टरांकडे बसून बोलायला अर्धा तास मागा. घरचे तीन-चार निर्णय घेणारे लोक बोलवा. विचारा : हा माणूस वाचला तर कसा वाचेल? स्वतः जेवेल, चालेल, ओळखेल का? अजून ४८ ते ७२ तास सगळे उपचार करून बघायचं आणि मग पुन्हा बसून ठरवायचं, अशी मुदत घालून घेता येते. त्याने घरात फाटाफूट होत नाही.

मग स्वतःला विचारा, रुग्णाला काय हवं होतं. ‘आपल्याला काय सहन होईल’ हा वेगळा प्रश्न आहे आणि नातेवाईक बहुतेकदा त्याचंच उत्तर देतात. ‘मला नळ्या लावून ठेवू नका’ असं आजी तीन वेळा म्हणाल्या असतील तर ते डॉक्टरांना सांगा.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधी लिहून ठेवण्याची, लिव्हिंग विलची) पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. उपचार मागे घेण्याआधी रुग्णालयाची प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळं मत देतात. २०२४ च्या सुरुवातीला समोर आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे की रुग्णाने किंवा नातेवाइकांनी नकार दिला असेल तर आयसीयूत दाखल करू नये.

उपचार थांबवणं म्हणजे काळजी थांबवणं नव्हे. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं चालू राहतात. तोंड ओलं ठेवणं, अंग पुसणं, जवळच्यांना जास्त वेळ बसू देणं, हे आम्ही करतो. तुम्ही ते मागा.

कोमा आणि मेंदूमृत यांत गल्लत करू नका. कोमातल्या रुग्णाचा मेंदू काही प्रमाणात काम करतो. मेंदूमृत म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं आणि अवयवदानाच्या कायद्याने तो मृत्यूच असतो, जरी व्हेंटिलेटरमुळे हृदय काही काळ चालू राहिलं आणि हात ऊबदार लागला तरी. अवयवदानासाठी हे निदान चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून नोंदवायचं असतं. त्यानंतर अवयवदानाबद्दल विचारणा होईल. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली समन्वय केंद्रं अवयवांचं वाटप ठरवतात. हो म्हणा, नाही म्हणा, पण रुग्ण जिवंतपणी काय बोलला होता ते आधी आठवा.

## टप्पा ८ : आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून घरी

वॉर्डात आल्यावर घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि पाहुण्यांची रीघ लागते. पहिले दोन दिवस ती थांबवा. आयसीयूत एका सिस्टरकडे एखाद-दुसरा रुग्ण असतो, वॉर्डात अनेक असतात. इथे रात्री जागं राहणारं माणूस तुम्हीच द्यायचं असतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हे करा. सकाळी सांगितलं आणि दुपारी घरी, असं होऊ देऊ नका.

१. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) अन्न कसं द्यायचं, कफ कसा ओढायचा, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, हे सिस्टरांसमोर स्वतःच्या हातांनी दोनदा करून दाखवा. बघून येत नाही. अन्न देताना आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास रुग्णाला बसतं ठेवा.
२. कमरेखाली, टाचांवर, कोपरांवर जखम आहे का ते उघडून बघा. असेल तर ड्रेसिंग शिका.
३. पहिल्या टप्प्यात आणलेली गोळ्यांची पिशवी आता डॉक्टरांसमोर ओता. कोणती चालू, कोणती बंद, कोणती बदलली ते एकेका पट्टीवर मार्करने लिहून घ्या. घरी जाऊन जुनी आणि नवी अशा एकाच औषधाच्या दोन गोळ्या चालू राहणं ही फार घडणारी चूक आहे.
४. डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख, राहिलेले रिपोर्ट आणि रात्री फोन कुणाला करायचा ते लिहिलं आहे का बघा.

घरी गेल्यावर पहिले काही आठवडे माणूस कमालीचा अशक्त असतो. मांड्या सुकलेल्या असतात, चमचा धरता येत नाही, रात्री दचकून उठतो, चिडतो, साध्या गोष्टी विसरतो. याला आळस म्हणू नका. पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसवा, दुसऱ्या दिवशी दोन वेळा, मग आधार धरून उभं राहणं, मग दारापर्यंत. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं पान वहीत चिकटवा आणि रोजची पावलं तिथेच लिहा.

ताप, धाप, लघवी कमी होणं, नव्याने सुरू झालेली बडबड किंवा जास्त झोप, यांतलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन या. येताना वही आणा. नवा डॉक्टर असला तरी पहिल्या पानापासून त्याला सगळं दिसेल.